अंदाजाचा मावा, अंदाजाचा कायदा

वसईच्या सातिवलीत संध्याकाळी कारखान्यांचे गाळे सुटतात आणि रस्ता माणसांनी भरून जातो. कुणी वसई फाट्याकडे वळतं, कुणी शेअर रिक्षासाठी उभं राहतं, आणि घरी जाण्याआधी दोन मिनिटं टपरीशी थांबणारे तर कितीतरी. परवा मीही थांबलो. पोरगा मावा करत होता. प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तिच्यावर तंबाखू, वर बोटभर चुना, मग पुडी बांधून तळहातावर जोरजोरात घासणं.

"तंबाखू किती घालतोस रे?" मी विचारलं.

"अंदाजाने, काका."

पोरगा खरं तेच बोलला. त्याच्याकडे काटा नाही, आणि असावा असं त्याला कुणी सांगितलेलंही नाही. पण तो एक शब्द घरी येईपर्यंत माझ्यासोबत चालत आला. मावा अंदाजाने बनतो. माणूस तो अंदाजाने खातो. आणि त्याला आवरायला केलेला कायदाही अंदाजानेच चालतो. या आठवड्याचं सदर या अंदाजाविरुद्ध आहे.

*

टपरीवर आकडे असतात. पान मागणारा "एकशेवीस-तीनशे" म्हणतो आणि पानवाल्याला ते नेमकं कळतं. पण हे आकडे जर्द्याच्या प्रकारांचे. निकोटीन किती, ते त्यातून कळत नाही.

ते कळायला हवं, असं आपल्या संसदेला २००३ सालीच वाटलं होतं. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांच्या त्या कायद्याचं कलम ७ सांगतं की निकोटीन आणि टार किती आहे ते पुडीवर छापा, आणि जास्तीत जास्त किती चालेल तेही छापा. कलम ११ सांगतं की हे तपासायला मान्यताप्राप्त प्रयोगशाळा हवी. आता कोपऱ्यावरच्या टपरीतली कुठलीही पुडी हातात घ्या. कर्करोगाचं चित्र दिसेल. तो आकडा शोधून सापडणार नाही.

२००७-०८ मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यातही तपासणी प्रयोगशाळा हे एक ठरलेलं काम होतं. राष्ट्रीय तंबाखू चाचणी प्रयोगशाळा नोएडात उभी राहायला २०१९ उजाडलं. तिच्या जोडीला दोन विभागीय प्रयोगशाळा ठरल्या, एक गुवाहाटीत आणि एक आपल्या मुंबईत, केंद्रीय औषध चाचणी प्रयोगशाळेत. कायदा ते प्रयोगशाळा, सोळा वर्षं. सोळा वर्षांत सातिवलीतलं शाळकरी पोर गाळ्यात कामाला लागतं आणि त्याच्या खिशात पुडी येते.

तंबाखू चांगला कसा पिकवावा याचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची संस्था मात्र राजमहेंद्रीला १९४७ पासून आहे. तिने शेतकऱ्यासाठी काम केलं, पर्यायी पिकांवरही केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या दोन सालांमधल्या अंतराबद्दल आहे. पीक वाढवायचं विज्ञान १९४७ ला आणि पुडी तपासायचं विज्ञान २०१९ ला. सरकारने पैसा कुठे आधी घातला, ते या दोन आकड्यांत लिहिलेलं आहे.

*

आता थोडं दूरचं बघू.

अमेरिकेने २००९ साली तंबाखूच्या नियमनाचा कायदा केला आणि त्यात पैशाची सोयही लावून टाकली. तंबाखू कंपन्यांनी दरवर्षी नियमनाचं शुल्क भरायचं. २०१९ पासून ते वर्षाला ७१ कोटी २० लाख डॉलर आहे. नियमन करणारं खातं याच शुल्कावर चालतं, आणि याच पैशातून २०१३ मध्ये १४ संशोधन केंद्रं उभी राहिली, बहुतेक विद्यापीठांमध्ये. पहिल्याच वर्षी ५ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत तरतूद झाली. या केंद्रांचं काम ठरलेलं: नियम करणाऱ्याला जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं शोधणं. कुठल्या चवीमुळे पोरं ओढली जातात? वेष्टनावरचा इशारा वाचून माणूस थांबतो का? धुरात नेमकं काय काय असतं? किंमत वाढली की कोण सोडतं आणि कोण दुसऱ्या मालाकडे वळतं?

डॉक्टरांचं संशोधन विचारतं की तंबाखूने काय बिघडतं. नियमनाचं संशोधन विचारतं की कुठल्या नियमाने ते बिघडणं कमी होईल. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळा पैसा लागतो, हे त्यांनी कायद्यातच मान्य केलं.

मग आपण त्यांचीच उत्तरं वापरली तर? काही प्रमाणात वापरतोच. पण जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाचे २०१६-१७ चे आकडे बघा. महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्के. धूर न काढता चघळणारे, दाढेखाली धरणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. आपला तंबाखू तोंडातला आहे. अमेरिकेचं बहुतेक संशोधन सिगारेटवर आणि अलीकडे ई-सिगारेटवर. ई-सिगारेटवर तर आपण २०१९ सालीच बंदी घातली. सातिवलीच्या मशेरीवर अमेरिका संशोधन करणार नाही. विदर्भाच्या खर्‍र्‍यावरही नाही. ते आपल्यालाच करावं लागेल, आपल्या पैशाने.

*

मशेरीबद्दल जरा थांबून बोलायला हवं.

गाळ्यांत काम करणाऱ्या बायकांकडे, आसपासच्या पाड्यांवरच्या आयाबायांकडे एक छोटी डबी असते. तंबाखू दुकानातून आणायचा, तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, आणि काम डोक्यावरून गेलं की मधेच कधीतरी ती बोटाने दातांना लावायची. डबीवर इशारा नाही, चित्र नाही, कंपनीचं नाव नाही. कायदा पुडीशी बोलतो, आणि मशेरी भाजून डबीत गेली की पुडी कचऱ्यात गेलेली असते.

प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२१७ गर्भवतींचा पाठपुरावा केला आणि निष्कर्ष २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले. धूररहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी निघाली, आणि जन्मली ती सरासरी सहा दिवस आधी. एकशे पाच ग्रॅम म्हणजे दोन अंड्यांचं वजन. जन्मणाऱ्या बाळाच्या अंगावरून दोन अंड्यांएवढं वजन उतरतं, आणि मुंबईत या तंबाखूचं घरोघरचं रूप मशेरी.

हे कळून वीस वर्षं झाली. पुढचे प्रश्न अजून उभे आहेत. भाजल्यावर त्या तंबाखूत काय वाढतं आणि काय घटतं? एका बोटावर किती निकोटीन येतं? डबी सोडायला बाईला नेमकी कुठली मदत लागते: गोळी, गट, की दातांसाठी परवडणारं दुसरं काही? आणि ज्या मालाला वेष्टनच नाही त्याच्यावर इशारा कुठे छापायचा? कुठलीही कंपनी या प्रश्नांवर पैसा खर्च करणार नाही. सरकारनेही केला नाही, तर या बायकांचा प्रश्न कुणाच्याच टेबलावर येत नाही.

*

टेबलावर संशोधन नसलं की काय होतं, ते आपण २०१५ साली पाहिलं.

वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर चित्ररूप इशारा छापायचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. लोकसभेची एक समिती तो तपासत होती, आणि तिचे अध्यक्ष होते आपल्या अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो असं सांगणारं भारतीय संशोधन नाही, सगळे अभ्यास परदेशातले आहेत, असं ते म्हणाले. समितीने नियम थांबवायला सांगितलं, सरकारने तो थांबवला. इशारा शेवटी लागू झाला १ एप्रिल २०१६ ला. एक अख्खं वर्ष गेलं. नियम थांबला त्याच्या दीड महिना आधी, १६ फेब्रुवारी २०१५ ला, राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. आबांच्या चितेची राख थंड होते न होते तोच महाराष्ट्राचा खासदार पुरावा मागत होता.

पुरावा परळला होता. वसंत रामजी खानोलकरांनी टाटा रुग्णालयातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग हजार रुग्णांचा आढावा १९४४ साली छापला होता. सांघवी, राव आणि खानोलकर यांचा धूम्रपान, तंबाखू चघळणं आणि कर्करोग यांवरचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९५५ साली आला. म्हणजे खासदारांच्या त्या विधानाच्या बरोबर साठ वर्षं आधी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली, ते १९७२ साली प्रसिद्ध झालं. मुंबईत १९९१ पासून सुमारे दीड लाख माणसांच्या नोंदी घेऊन कोण किती जगलं ते पाहिलं गेलं. हे सगळं मुंबई-पुण्यात घडलेलं, इथल्या माणसांच्या तोंडावरून आणि मरणावरून लिहिलेलं.

मग ते समितीपर्यंत का पोचलं नाही? कारण पोचवणं हे कुणाचं काम नव्हतं. शास्त्रज्ञ आपला निबंध छापतो आणि पुढच्या कामाला लागतो. नियम लिहिणाऱ्याचा प्रश्न घ्यायचा, त्याला समजेल अशा भाषेत उत्तर द्यायचं, आणि उद्या कंपनीचा वकील उभा राहिला तर त्याच्यासमोर टिकायचं, यासाठी कायम बसलेली माणसं लागतात. त्यांना पगार लागतो. केंद्र म्हणजे तेवढंच.

*

आपल्याकडेही हे जमलं आहे, एकदा, आणि चांगलं जमलं.

महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला तसा अधिकार नाही म्हणून. मग डिसेंबर २०१० मध्ये त्याच न्यायालयाने केंद्राला सांगितलं की गुटख्यात काय असतं आणि त्याने काय होतं याचा अभ्यास करून आणा. मुदत दिली आठ आठवड्यांची. राष्ट्रीय आरोग्य आणि कुटुंबकल्याण संस्थेचा अहवाल फेब्रुवारी २०११ मध्ये तयार होता. त्याच वर्षी अन्नसुरक्षेचा नियम लागू झाला की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येणार नाही. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी घातली. पानमसाल्याच्या नमुन्यांत मॅग्नेशियम कार्बोनेट सापडल्याचे तपासणी अहवाल या वेळी अन्न व औषध प्रशासनाच्या हातात होते. उच्च न्यायालयाने बंदीला स्थगिती दिली नाही.

दहा वर्षांत दोन बंद्या. पहिली कोसळली, दुसरी उभी राहिली. दुसरीच्या पायात बदललेला कायदा होता आणि प्रयोगशाळेचा कागद होता.

पण तो अभ्यास न्यायालयाने मागितला म्हणून झाला. न्यायालयाने मागितला नसता तर? आणि नंतर काय झालं? बंदीचा आदेश कायद्याप्रमाणे एका वर्षाचाच असतो, दरवर्षी नवा काढावा लागतो. टपरीवर गुटख्याच्या जागी दोन पुड्या लटकल्या, एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, गिऱ्हाईक तोंडात दोन्ही एक करतं. आपल्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गुटख्याची गाडी पकडल्याची बातमी आपल्याला पाठ झाली आहे. बंदीनंतर कोण काय खाऊ लागलं, याचं दरसाल मोजमाप असतं तर दुसऱ्या पुडीचा नियम केव्हाच आला असता.

"सरसकट बंदीच घाला, संशोधन कशाला?" असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. पकडलेल्या गाडीतला माल गुटखाच आहे, हेसुद्धा न्यायालयात प्रयोगशाळाच सिद्ध करते. बंदीला विज्ञान कमी लागत नाही, जास्त लागतं.

*

आता पैशाकडे.

पुणे जिल्ह्यातली ती लाखभर तोंडं तपासण्याच्या प्रकल्पाला पैसा आला होता पीएल-४८० च्या निधीतून. अमेरिकेने आपल्याला गहू आणि मिलो दिला, त्याच्या बदल्यात जमलेल्या रुपयांतून. आपल्या तोंडाच्या कर्करोगाची गणती परदेशी धान्याच्या हिशेबात बसवली गेली. त्या वेळी देश गरीब होता, समजू शकतो. पण प्रौढ तंबाखू सर्वेक्षण आपल्याच देवनारच्या संस्थांनी केलं, पहिलं लोकसंख्या विज्ञान संस्थेने आणि दुसरं टाटा समाजविज्ञान संस्थेने, तरी त्या जागतिक सर्वेक्षणामागचं तांत्रिक बळ अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं आणि निधीचा मोठा भाग अमेरिकी उद्योगपती ब्लूमबर्ग यांच्या दानाचा. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारने रोगनियंत्रण केंद्रातलं धूम्रपान आणि आरोग्य कार्यालय मोडीत काढलं, आणि तंबाखू नियमन केंद्राच्या संचालकांना रजेवर पाठवलं. तिकडे एका सहीने जे गेलं, त्याच्यावर आपली मोजणी टेकून ठेवता येणार नाही.

सरकारने पैसा दिला नाही तर दुसरा देणारा तयारच असतो. २०१७ साली फिलिप मॉरिस कंपनीने धूरमुक्त जगाच्या नावाने एक प्रतिष्ठान काढलं आणि वर्षाला ८ कोटी डॉलर बारा वर्षं देण्याचं जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेने आपण त्याच्याशी भागीदारी करणार नाही असं लगेच सांगितलं. जो पैसा देतो तो प्रश्न निवडतो. सिगारेट विकणाऱ्याने निवडलेल्या प्रश्नात मशेरी लावणारी बाई कधी येणार नाही.

आणि पैसा आहे. तंबाखूमुळे होणारे आजार आणि मृत्यू यांची २०१७-१८ ची आर्थिक किंमत १,७७,३४१ कोटी रुपये काढली गेली आहे. तंबाखूच्या उत्पादनशुल्कातून सरकारला शंभर रुपये मिळतात, तेव्हा देशाचं ८१६ रुपयांचं नुकसान होतं, असा त्याच अभ्यासाचा हिशेब. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने पानमसाल्यावर आरोग्य आणि राष्ट्रीय सुरक्षा अशा दोन्ही नावांनी उपकर बसवणारा कायदा केला. ज्या उपकराच्या नावात आरोग्य आहे, त्यातला एक ठरलेला हिस्सा या कामाला मिळावा, ही मागणी मोठी नाही.

माझी मागणी मी सरळ लिहितो. तंबाखूवरच्या कर-उपकरातला ठरावीक भाग नियमनाच्या संशोधनाला कायद्याने बांधून द्या, म्हणजे दरवर्षी हात पसरावा लागणार नाही. त्यातलं एक केंद्र महाराष्ट्रात असू द्या. टाटा रुग्णालय, देवनारच्या दोन संस्था, नवी मुंबईतली हिलिस ही सार्वजनिक आरोग्य संस्था, इतकं जाणतं मनुष्यबळ एका महानगराच्या परिसरात दुसरीकडे मिळणं कठीण. तंबाखू कंपनीचा एक रुपयाही त्यात नको. आणि निष्कर्ष मराठीत छापा, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लावा, टपरीवाल्याच्याही हातात द्या.

शेतकऱ्याला विसरू नका. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी १९८१ साली भावासाठी रस्ता धरला होता, शेतकरी नेते शरद जोशी त्यांच्यासोबत होते, आणि पोलिसांच्या गोळ्यांनी शेतकरी मेले होते. त्या माणसांच्या नातवंडांना तंबाखूऐवजी काय पिकवलं तर घर चालेल, हाही नियमनाचाच प्रश्न आहे. त्याचंही उत्तर अंदाजाने द्यायचं नाही.

*

टपरीवरून परतताना ओळखीच्या मावशी भेटल्या. गाळ्यात पॅकिंगला असतात. ओठाच्या कडेला काळी रेघ होती. मी म्हटलं, "मावशी, सोडा आता ती डबी." त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, चिमूटभर तर लावते. एवढ्याशाने काय होतंय?"

मी त्यांना बाळांच्या वजनाचं सांगू शकलो. परळच्या टाटा रुग्णालयातल्या रांगेचं सांगू शकलो, ती रांग वसईकरांना ठाऊक आहे. पण त्यांनी विचारलं होतं त्या चिमटीबद्दल. त्या चिमटीत काय आहे आणि किती आहे, हे मला माहीत नव्हतं.

ते कळायला फार लांब जायचं नाही. सातिवलीहून रिक्षा, वसई रोडहून लोकल, आणि मुंबई सेंट्रलला उतरलं की बेलासिस रोडवर ती केंद्रीय प्रयोगशाळा. मावशींच्या डबीतली चिमूट एका लोकलच्या अंतरावर मोजता येईल. मोजा म्हणणारा हुकूम आणि मोजायचा पैसा, एवढंच कमी आहे. सरकार दर फेब्रुवारीला ज्या कागदावर पैसा वाटतं, त्याला आपण अंदाजपत्रक म्हणतो. मावशींच्या चिमटीचा अंदाज संपवायचा तर सुरुवात त्या कागदावरून व्हायला हवी.